हाताखाली किती माणसं?

"...खुर्शीदाच्या कामरानले बोटीवरून उतरवलं म्हणे, काऊन की त्याले—" अन् तेवढ्यात चक्कीवाल्यानं चक्की चालू केली! आता तुम्हीच सांगा, असा अर्धा तुकडा कानात घेऊन बाईनं घरी जायचं कसं? बोलणाऱ्या बाया पीठ घेऊन निघूनही गेल्या, अन् मी तिथंच उभी, ज्वारीचा डबा कमरेवर... काऊन उतरवलं? दारू? मारामारी? का पाण्याले भेला? मले काय करायचं म्हणा, मी आपली शेजारीण! पण खुर्शीदाभाभीची अन् माझी भिंत एकच आहे हो, अन् ते पोरगं माझ्याच ओट्यावर रांगलं.

बरं, वेळ कोणती, तर सोयरिकीची! कामरान नेव्हीतून सुटीवर आलेला, धामणगाव बढ्याची मलिहा त्याले पसंत, तिले तो पसंत, नुसतं तोंड गोड करायचं राह्यलं होतं. अन् तुम्हाले सांगते, आमच्या देऊळघाटातल्या चक्कीवरची गोष्ट मी घरी पोचायच्या आधी धामणगावात! रविवारी पोरीची माय आसमाबी अन् मामू कलीम दारात हजर. मामू फौजेत नायक. बाहीवर फिती दोन, पण मिशी पाहाल तर जनरलची. बसायले खुर्च्या माझ्याच घरून नेलेल्या... मग माझ्या खुर्चीवर मी नाही बसायचं तर कोणी?

"बेटा, हुद्दा काय?" मामूनं चहाच्या आधी विचारलं.

"जी, लिडिंग."

"लिडिंग, ते ठीक. पण लिडिंग काय?"

"लिडिंग सीमन, मामू."

"फिती किती?"

"फीत नाही जी. बाहीवर लंगर, बोट थांबवायचा."

मामूनं आसमाबीकडे असं पाहिलं, जशी दुकानदारानं फाटकी नोट वापस करावी! "लंगर राहू दे. हाताखाली किती माणसं? माझ्या हाताखाली पुरं सेक्शन! हवालदार सुटीवर गेला की सारा कारभार मीच पाहतो!"

"अन् हवालदार आला की?" मी म्हटलं. भाभीनं मले असा चिमटा काढला की काय सांगू. मले काय करायचं होतं हो, सहज निघालं तोंडातून!

पण पोरगं घामानं भिजून राह्यलं, ते पाहवेना. म्हटलं, साक्षीदार लागन. मागच्या गल्लीतला शेखर हवाई दलात कॉर्पोरल, तोही सुटीवर, त्याले बोलावलं. आला लुंगीवरच. म्हणते, "मामू, तुमचा नायक, आमचा कॉर्पोरल अन् नेव्हीचा लिडिंग, तिघं बरोबरीचे."

"बरोबरीचे? तुझ्या हाताखाली किती?"

"दोन पोरं अन् एक विमान."

"उडवतं का बे तू?"

"नाही, चाकं पाहतो. मी ठीक म्हटल्याशिवाय जमीन सोडत नाही ते."

"म्हणजे पंक्चरवाला!"

झालं! आवाज असा चढला की समोरचा बैल दावं तोडते की काय! शेवटी कामरानच हळूच बोलला, "मामू, बोटीत एका खोलीत वीस-पंचवीस पोरं, एकावर एक झोपतात. कोण झाडणार, कोण आजारी, कोण रातच्याले घरच्या आठवणीनं रडते... वरच्याचं ऐकायचं अन् खालच्याचं पाहायचं, तेच माझं काम."

मामूचा हात मिशीवरून खाली आला. "ते तर मीही करतो."

शेखर म्हणते, "पोरगं जेवलं नाही तर साहेब मलेच विचारते."

मी म्हटलं, घ्या! तिघंही मधली सूनच की! सासूनं ओरडायचं, धाकटीनं रुसायचं, अन् भांडी घासायची मधलीनं.

हसले सारे. आसमाबी नाही हसली. "माझी लेक द्यायची आहे भाऊ, पलटण नाही. बेटा, बोटीवरून उतरवलं का नाही?"

भाभीचा हात पदरात.

"उतरवलं," कामरान म्हणाला.

"या अल्ला..." म्हणत भाभी खालीच बसली.

"म्हणजे किनाऱ्यावर पाठवून राह्यले, ओडिशात. नवी भरतीची पोरं शिकवायले. सगळ्यायची पाळी येते. मग पुन्हा बोट."

"मग ते 'काऊन की त्याले' काय होतं?" हे मीच विचारलं. मले काय करायचं होतं, पण आठ दिवसांपासून ते माझ्या घशात अडकलेलं!

पोराचे कान लाल. "वासंतीकाकू... लोकायले गाडी लागते, तशी मले बोट लागते. उलट्या होतात. पण त्याच्यासाठी नाही उतरवलं! बादली गळ्यात बांधून ड्यूटी केली मी! अम्मीले फोनवर सांगितलं होतं फक्त..."

अन् अम्मी छताकडे पाहून राह्यली! म्हणजे उतरवलं हे खरं, उलट्या खऱ्या, पण उलट्यायमुळे उतरवलं, हे खोटं. जोड लावली चक्कीवर.

आसमाबीनं कपाळाले हात लावला. म्हटलं, गेली सोयरीक! तर ती म्हणते, "आमच्या मलिहाले राजूर घाट लागते. मोताळ्याहून बुलडाण्याले चढेपर्यंत दोन पिशव्या."

मामू म्हणाला, "जोडी जमली!" अन् पेढा सगळ्यात पहिले पंक्चरवाल्याच्या तोंडात.

आता निकाहनंतर नवरा-नवरी त्याच घाटातून वर येणार. गाडीतल्या दोन्ही खिडक्या दोघायले देऊन टाकल्या. मधात पिशव्या धरून कोण बसन? त्याच्यावर मात्र दोन्ही घरायनं मले न विचारता एका मिनिटात ठरवलं... वासंतीताईले मळमळत नाही म्हणे!