हाळी

गुंजवण्याच्या फाट्यावर भागूबाई वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत रांगेत उभी होती. तिच्या मागं एक म्हातारा आणि एक तरणा बोलत होते.

“सार्थक, तुझं ते ड्रोन एकदा सोड की रानात. गाभण म्हैस दोन दिस झालं घरी न्हाई.”

“नाना, परवानगीबगर उडवायचं न्हाई म्हणून पोलिसांनी लिहून घेतलंय. तक्रार कुणी केली?”

“म्याच केली. पाणवठ्यावर बायका धुणं धूत हुत्या, आन् तुझं ते डोक्यावर घिरट्या घालत हुतं.”

“मी गडाचं चित्रण करत हुतो. आभाळ काय कुणाच्या सातबाऱ्यावर हाय व्हय?”

“आभाळ नसंल. पर पाणवठ्याकडं जाताना बाप्या माणूस लांबनंच हाळी देतो. तुझं यंत्र देतं का?”

“न्हाई देत.”

“मग? जाऊ दे. चल ठाण्यात, तक्रार मागं घेतो. म्हैस महत्त्वाची.”

“मागं नका घेऊ, नाना. त्यात एवढं वाढवा, आधी हाळी, मग ड्रोन. मी सही करतो.”

“आन् हाळी देणार कोण?”

“तुमीच. तुमचा आवाज पार तोरण्यापतुर जातो.”

एसटी आली. भागूबाईनं मागं न बघताच बाजूला सरून म्हशीच्या घाईत असलेल्या दोघांना आधी चढू दिलं.