दोनदा लावलेला फॉल

महाडच्या स्टँडवर पोलादपूरच्या गाडीची वाट बघत सायली बाळाला थोपटत होती. शेजारी एक मावशी आणि त्यांची भाची ऑनलाइन मागवलेली जुनी साडी उलगडून बसल्या होत्या.

“एकदाच नेसलेली, असं लिवलं व्हतं ना गो, आम्रपाली?”

“हो मावशी.”

“मग फॉल दोनदा कसा लावलाय? ही जुन्या टाक्यांची भोकं बघ.”

“तसं कळवलं मी. ती बाई म्हणते, तुम्हीच उसवून परत लावलात. साडी परत घेणार नाही.”

“माझ्यावर आळ? व्हिडिओ कॉल लाव तिला.”

“इथं स्टँडवर?”

“लाव गो!... बाई, मी दासगावची कमळा. वीस वर्सं फॉल लावते. तुमच्या साडीचे टाके वरून दिसतायत. आता माझ्या नेसलेल्या साडीचा काठ बघा. दिसतोय एक तरी टाका?”

“मावशी, साडी किती वर धरलीस! लोक बघतायत.”

“बघू देत... काय म्हणालात? बरं, ठेवते.”

“काय म्हणाली?”

“साडी परत घेते म्हणाली. वर इचारते, माझ्या साड्यांना फॉल लावून द्याल का?”

“मग?”

“कळव तिला, आधी खरं लिवायला शिका म्हणावं.”

सायलीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि विचारलं, “मावशी, दासगावात घर कुठं तुमचं?”