गोलातली फट

मी मूळची ओवे गावची, बापाची भातशेती व्हती, ती नव्या शहरात गेली नि मी तळोज्याच्या कंपनीत लागले, टीव्हीच्या रिमोटमधल्या हिरव्या पाट्यांचं सोल्डरिंग, सगळ्या बायकाच, बाप्यांचा हात थरथरतो बोलायचे. बावीस वर्षं झाली. हात अजून चांगला हाय, डोळा नाय. साखरेनं डावा पार गेला, उजव्याला धूसर दिसतं, चष्म्यानं सुधारनार नाय असं डॉक्टर बोलला. घरी माहीत हाय, कंपनीत नाय.

कंपनीत दरवर्षी डोळे तपासतात. काय सांगू तुमाला, तो अक्षरांचा तक्ता आमी बायकांनी पाठच केलेला, आरतीसारखा. कोनी नापास व्हायचं नाय.

मग परदेशातली कंपनी भागीदार झाली. सरकारनं सवलती दिल्या, मंत्री नारळ फोडून गेले, मालक बोलले आता हितं दवाखान्यातल्या मशिनी बनतील, जुन्या बायकांना काढनार नाय, फक्त तपासनी त्यांच्या पद्धतीची. त्यांचा तक्ता आला तर त्यात अक्षरंच नाय. नुसते गोल, प्रत्येकाला एका बाजूला फट, ती कुठं ते हातानं दाखवायचं. पाठ करायला वेळ पन नव्हता.

शेजारची संगीता, मीच काम शिकवलेली, ती बोलली मावशी, रांगेत मी तुझ्या मागं उभी राहते, पाठीला बोट लावीन तसं दाखव. मानेशी लावलं की वर, कमरेशी लावलं की खाली, डाव्या-उजव्या खांद्याला लावलं की त्या बाजूला. तिनं लावलं, मी दाखवलं, पार शेवटच्या ओळीपर्यंत. एखादं मुद्दाम चुकायला पायजे व्हतं, पन भीतीनं सुचलंच नाय. त्यांची मॅडम खूश झाली. अख्ख्या कंपनीत सगळ्यात चांगला डोळा माझा ठरला.

म्हनून आता मला शेवटच्या टेबलावर बसवलंय. छातीचे ठोके दाखवनाऱ्या मशिनची पाटी भिंगाखाली येते, ती बघायची नि शिक्का मारायचा. माझ्यानंतर कोन बघत नाय. मी हातमोज्याचं एक बोट कापलंय, चाचपून बघते, गुळगुळीत लागलं की शिक्का. खरं सांगितलं तर संगीताचं पन काम जाईल, तिला दोन लेकी. भीती वाटते हो, जेवन जात नाय. परवा नंदेच्या नवऱ्याला बघायला दवाखान्यात गेले, त्याच्या उशाशी तसलीच मशिन व्हती, मी तिच्याकडं पाठ करून बसले.

उद्या परत पहिली पाळी हाय. देवाला एवढंच बोलते, माझ्या हातची मशिन ज्याच्या उशाशी जाईल, त्याला तिच्याशिवाय बरा कर.