सिंहिणीनं खाल्लं का?

कामशेतच्या थांब्यावर आंदर मावळाची एसटी काही येईना. उत्तरपत्रिका तपासत बसलेल्या चंद्रिकाबाईंचा हात शेजारच्या दोघींच्या बोलण्यानं थांबला.

“नंदामावशी, दवाखान्याच्या रांगेत सकाळपास्नं आपण दोघी उपाशी हाय. भाकर सोडू का?”

“आमच्या समीक्षाचा फोन येऊ दे आदी, सविता.”

“ती आफ्रिकेत करती तरी काय?”

“सिंहांच्या एका कळपावर ध्यान ठेवती. कुणी खाल्लं, कोण लंगडतंय, ते रोज लिव्हायचं. नऊ व्हते, पाच ऱ्हायले. त्यात येक म्हातारी सिंहीण हाय, ती काय खाईना.”

“मग खायाला घालायचं की!”

“न्हाई चालत. रानात ढवळाढवळ करायची न्हाई म्हणं. नुसतं बघायचं.”

“आन् तुमी फोनवर लेकीचं सोडून त्या म्हाताऱ्या सिंहिणीचंच इचारता! लेक जेवली का, ते इचारा की.”

“ती कायम ‘जेवले’च म्हणती. आमची कपिला गाय आजारी व्हती, तवा ही दोन दिस उपाशी, आन् मला म्हणायची, जेवले. म्हणून मी सिंहिणीचं इचारते. तिनं खाल्लं तरच ही जेवती. आन् तिचं खोटं सांगायला हिची जीभ रेटत न्हाई.”

फोन वाजला.

“खाल्लं का गं सिंहिणीनं?... आजबी न्हाई?... उठती का तरी?... बरं. ठेव.”

“काय म्हणली, मावशी?”

“म्हणली, मी जेवले.”

सवितानं फडकं सोडून भाकरी पुढं केली.

“आता तरी खावा थोडी.”

“खा तू. मी जेवले.”