पाहुण्याच्या दारात न थांबणारी गाडी

आणि वर लोक म्हणतात, जुनी व्हॅनच घ्यायची ना, त्यात एवढं काय! काय म्हणजे? तुम्हाला सांगतो, पोरीला स्थळ बघताना बघत नाहीत एवढं आमच्या कोऱ्हाळ्याच्या सर्जेरावांनी त्या व्हॅनचं बघितलं… सहा महिने! आत पलंग, गॅस, हात धुवायला बेसिन, म्हणजे शनिवारी बायकोपोरांना घेऊन निघायचं, आवडेल तिथं थांबायचं, गाडीतच झोपायचं, रविवारी घरी. बाकी रंग कसला का असेना, सर्जेरावांचं एकच, गाडी भरवशाची पाहिजे!

का? तर सांगतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण सर्जेरावांच्या मंडळींनी, विजयमालाबाईंनी, परगावी एक रात्र कधी पाहुण्यांचं घर सोडून काढली नव्हती. आपल्याकडं कुठंही जा, दहा कोसांवर आत्या, मावशी, कुणीतरी असतंच, अन् त्यांना टाळून लॉजवर उतरलात तर पुढची दहा लग्नं तोंड दाखवायची सोय नाही! मग पुरुष ओसरीवर गप्पा हाणतात, पोरं उंडारतात, अन् विजयमालाबाई डोक्यावर पदर घेऊन थेट चुलीपुढं. एकदा जेवायला वाढता वाढता त्या शांतपणे म्हणाल्या, "माज्या ट्रिपला भाकरी थापायचं गाव तेवढं बदलतं." सर्जेरावांनी त्याच दिवशी व्हॅनचं मनावर घेतलं हो. फार लागलं त्यांना ते. आता विचार करा, गाडी वाटेत बंद पडली तर? फोन कुणाला जाणार? पाहुण्याला! पाहुणा ट्रॅक्टर आणणार, गाडी ओढत आपल्या दारात नेणार, अन् मुक्काम तिथंच… म्हणून म्हणतो, गाडी भरवशाची पाहिजे!

पारख करायला सोबत लोणी भापकरचे ज्ञानदेवतात्या. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, बोलणं कमी, नाक तिखट. बारामतीत पहिली गाडी बघितली, काय तिचा थाट… रंगीत लाइट, टीव्ही, सीटला मखमल! विकणारा म्हणतो कसा, डॉक्टरची सिंगल हँड गाडी आहे, फक्त तीस हजार किलोमीटर चाललीय. मला सांगा, हे डॉक्टर पेशंट तपासतात का नुसत्या गाड्या विकतात? तात्यांनी वाकून ब्रेकचं पायडल बघितलं, रबर पार झिजून लोखंड दिसत होतं. तीस हजारांत लोखंड दिसतं होय? दुसरीचा धूर निळा, म्हणजे बया डिझेलबरोबर ऑइलही पीत होती. आणखी एकीच्या बॉनेटला हात लावला तर गरम, म्हणजे गार असताना चालू होत नाही हे झाकायला गिऱ्हाईक यायच्या आधीच मालकानं चालू करून ठेवलेली! शेवटी फलटणच्या एका रिटायर मास्तरांची व्हॅन सापडली. रंग उडालेला, पडदे विटलेले, पण बॉनेट गार, अन् किल्ली फिरवली की एका झटक्यात चालू. तात्या पाच मिनिटं कान देऊन उभे राहिले अन् म्हणाले, "घ्या."

पहिली ट्रिप उजनीच्या पाण्याकाठी. सर्जेरावांची बहीण राजलक्ष्मी तिकडंच इंदापूरकडं दिलेली, म्हणून तिचं गाव चुकवून, उसातल्या कच्च्या रस्त्यानं! गाडी एकदा कुरकुरली नाही. विजयमालाबाई पाण्यात पाय सोडून बसल्या, चहा सर्जेरावांनी ठेवला, अन् ओतेस्तोवर… मोटारसायकल! कुणीतरी बघितलं, कुणाला तरी सांगितलं, नवऱ्याच्या मागं बसून राजलक्ष्मी हजर. बहिणीचं घर असताना वहिनी रस्त्यावर झोपणार? गावात आमची काय किंमत राहील? सर्जेराव मान खाली घालून सामान उचलायलाच लागले होते. तेवढ्यात विजयमालाबाई उठल्या.

"वन्सं, एक रात्र. कुणाची सून न्हाय, कुणाची पाव्हणी न्हाय. तेवढीच द्या मला."

 राजलक्ष्मी चप्पल काढून गाडीत गेली, पलंगावर बसली, गादी दाबून बघितली, अन् विचारलं, "वैनी, हितं किती जणी मावत्यात?"

नवऱ्याला सांगितलं, जावा घरी! तो सर्जेरावांच्या दोन्ही पोरांना घेऊन गेला, तर थोड्या वेळानं त्याच्या मागं बसून त्याची आई शकुबाई आली. सत्तरीची बाई, सुनेला न्यायला तणतणत आलेली… आत डोकावली, सून लोळतीय, विहीणबाईची सून लोळतीय, कुणी भांडं घासत नाही. म्हातारीनं काठी दाराशी टेकवली अन् म्हणाली, "सरका जरा."

झालं! दार आतनं बंद. सर्जेराव मेहुण्याच्या मोटारसायकलवर बसून मुक्कामाला पाहुण्यांकडं! गाडी भरवशाची पाहिजे म्हणत होते ना? घ्या, तसूभर हलली नाही. आता येत्या शनिवारचं तिघींचं परस्पर ठरलंय. सर्जेरावांनाही बोलावलंय, नाही असं नाही… गाडी चालवायला.