नाकेदार पळाला

नाई जी, हा नाई आमचा. हा तर कोणाचा तरी जवान पोट्टा आहे, पाहा न, पाय जमिनीले लागून नाई राह्यले त्याचे. आमचा बुढा आला का तुम्हाले दुरूनच समजन — आधी पोट येते, मंग मिशा येतात, मंग बाकीचा माणूस येते. बुढा म्हणजे नवराच जी, आमच्या ब्रह्मपुरीकडं तसंच म्हणतात, चोपन्नचा आहे फक्त. नंबर? पिवळा आहे, चारशे बारा. पिवळे म्हणजे पाच किलोमीटर पळणारे, हिरवे म्हणजे एकवीसवाले, त्या माइकवाल्या पोरीनं दोनदा समजावून सांगतलं मले. तुमचे मालक हिरव्यात आहेत का? तरीच तुम्ही निवांत बसल्या. आमचे पिवळे तर सारे आले बाई — आले, पोहे खाल्ले, पदक दातात धरून फोटो काढले, घरी गेले. तीन तास होऊन राह्यले. पाच किलोमीटरले तीन तास! आमची म्हैस चरून येते इतक्यात. मी तर दवाखान्याच्या गाडीत पाहून आली, नाई. पोह्याच्या रांगेत पाहून आली, तिथी तर नक्कीच सापडन वाटलं — तिथीही नाई. चंद्रपूर शहर आहे, वाट चुकला असन. जंगलात डोळे बांधून सोडा, घरी येते. चौकात सोडला का गेला.

हो जी, फॉरेस्टमधी आहे, नाकेदार — बीटवर फिराचं, जंगल राखाचं. बत्तीस वर्षं झाले नोकरीले, अन् बत्तीस वर्षं या माणसानं गावोगावी एकच गोष्ट सांगतली — वाघ दिसला तर पळाचं नाई. उभं राहाचं, पाठ दाखवाची नाई, त्याच्याकडं पाहत पाहत मागं सरकाचं. माह्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मलेही हेच शिकवलं, दुसरं काही बोललाच नाई. अन् असा माणूस म्हणते, मी पळतो! मी म्हणलं, अहो तुमच्या पायाले तरी माहीत आहे का पळणं? तर खरंच नव्हतं. सुरुवातीले झुडपात काही खुडबुडलं का हा थांबे अन् मागं मागं सरके. एक किलोमीटर पुढं, पाव किलोमीटर मागं. हासू नका, खरं सांगून राह्यली.

अन् त्या धानकापणीच्या दिवसातली गोष्ट तर तुम्हाले सांगितलीच पायजे. सकाळी सकाळी साऱ्या बाया विळे घेऊन बांधीत उतरल्या होत्या — बांधी म्हणजे धानाचं वावर — अन् जंगलाकडून खाकी हाफ चड्डीवर नाकेदार धावत येऊन राह्यला! आता तुम्हीच सांगा, बाया काय समजतील? जो माणूस जिंदगीभर पळू नका म्हणून सांगते तोच पळून राह्यला, म्हणजे मागं एक नाई, दोन वाघ असतील न? आशाबाईनं बोंब ठोकली. विळे फेकले, डबे फेकले, बाया पळाल्या. अन् बायांले पळताना पाहून याले काय वाटलं माहीत आहे का? वाघ खरंच आला, बायांले दिसला, आपल्यालेच दिसला नाई! मंग तोही जिवाच्या आकांतानं पळाला. त्याले तसं पळताना पाहून बाया आणखी जोरात. गाव येईपर्यंत कोणी थांबलं नाई. शाळेत पोट्ट्यांले वर्गात कोंडलं, कोणी ऑफिसात फोन लावला, तासाभरात जीप आली जाळी घेऊन. साहेब विचारते, वाघ कोणी पाहला? बाया म्हणतात, नाकेदारानं. नाकेदार म्हणते, बायांनी. मी दारात उभी राहून हासून हासून खाली बसली. मंग साहेबानं हुकूम काढला, पळाचं तर वरडत पळाचं. तवापासून हा रोज सकाळी "वाघ नाई! वाघ नाई!" वरडत गावातून जाये. माणसानं वरडावं का दम घ्यावा? दोन्ही कसं जमन? पण जमवलं त्यानं. हट्टी आहे.

अन् वर्गणी! ते कापडावर लिहिलं आहे न तिथी, रक्ताच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी — त्याच्यासाठी गावात वर्गणी मागाले गेला. साऱ्याइनं विचारलं, कोणता देव बसवून राह्यले, नाकेदार? देव नाई म्हणे, औषध शोधाचं आहे. तर काय देल्लं? धान! घरोघरी सुपात धान घेऊन बाया उभ्या. मोबाइलवर पैसे भराची सोय होती, आता मोबाइलात धान कुठून टाकते माणूस? ओसरीवर ढीग लागला, उंदरांची दिवाळी झाली. शेवटी बाजारात नेऊन इकलं तवा कुठी पैसे भरले. ज्या बायांचा अर्धा दिवस बुडाला होता न कापणीचा, त्याइनंही देल्लं. आशाबाईनं तर शिव्या देत देत देल्लं, पण सूप भरून देल्लं.

काऊन देणार नाई? त्याइले माहीत आहे न कोणासाठी आहे ते.

मलेच आहे जी. हा, रक्ताचा. घ्या — लगेच तोंड उतरलं तुमचं. मी म्हणूनच सांगत नाई कोणाले. आत्तापर्यंत कशा हासून राह्यल्या होत्या! पाहा माह्याकडं, काही दिसते का आजाऱ्यासारखं? पाच वर्षं झाले. एक गोळी घेते सकाळी, बस, अन् दिवसभर म्हैस, सैपाक, बुढ्याले बोलणं, सारं करते. नागपूरचा डॉक्टर म्हणे, बाई, आमच्या शिकाच्या काळात ही गोळी नव्हती, तवा या रोगात माणूस दोन-चार वर्षांत जाये. कोणीतरी कुठीतरी बसून शोधली म्हणून तुम्ही इथी बसून माह्यासंग भांडून राह्यल्या. ते बुढ्यानं ऐकलं अन् त्याच्या डोक्यात बसलं. घरी आल्यावर म्हणे, कोण असन तो शोधणारा? त्याले एक पायली तांदूळ तरी पाठवाले पायजे होते.

गोळी अजून चालते का म्हणता? चाले. चालत होती म्हणा. आता तुम्ही काही इथल्या नाई, पुन्हा भेट होणार नाई, म्हणून सांगते. बुढ्याचा भाचा आहे प्रणित, नागपूरले तपासणीच्या ठिकाणी कामाले. दर तीन महिन्यांनी रक्त देतो न आम्ही, त्याचा रिपोर्ट त्यालेच आधी समजते. शुक्रवारी त्यानं मले फोन केला. मामी, म्हणे, गोळी आता ऐकून नाई राह्यली, आकडा वर चढला. दुसरी गोळी लावतील, ती नाई चालली तर आणखी एक आहे, तिच्यापुढची अजून शोधून राह्यले. मी म्हणलं, ठीक आहे बेटा, पण मामाले सांगू नको. सहा महिने वरडत पळून राह्यला बिचारा, एक दिवस खुशीनं पळू दे त्याले. माही शपथ घे, म्हणलं. घेतली त्यानं. भेव? वाटते न जी. खोटं काऊन बोलू? पण आज नाई, आज पळणं आहे.

थांबा, हे वाजून राह्यलं. त्याचाच फोन आहे, पळताना खिशात आपटते म्हणून माह्यापाशी देल्ला. मेसेज आहे वाटते. चष्मा आणला नाई मी, तुम्ही वाचता का? प्रणितचा? काय लिहिलं? "मामा, पळून झालं तरी रिपोर्टचं मामीले सांगू नका. मी सोमवारी येतो, मंग बसून सांगू."

पुन्हा वाचा.

म्हणजे त्यालेही सांगतलं या पोट्ट्यानं! माही शपथ घेतली अन् मामालेही सांगतलं! थांब तू, ये सोमवारी. वर आणखी आहे का काही? बुढ्यानं त्याले लिहिलेलं? कधीचं, कालचं? वाचा न बाई, थांबल्या काऊन? "नाई सांगत. उद्या तिले मजा पाहू दे."

अई बाप्पा.

म्हणजे काल जेवताना हा मिशीले ताव देऊन देऊन हासून राह्यला होता, अन् मी समोर बसून हासून राह्यली होती, भाजी वाढून राह्यली होती... दोघंही... नाई, नाई, मी ठीक आहे. पाणी नको.

काय म्हणून राह्यली ती माइकवाली? चारशे बारा? पिवळा नंबर — हिरव्यांच्या रस्त्यावर? वीस किलोमीटर पार करून? कोणी थांबवलं तरी थांबत नाई म्हणते? अन् लोक काऊन टाळ्या वाजवून राह्यले? समजलं मले. वाट चुकला नाई तो. सकाळी त्या पोरीनं सांगतलं न, एक कंपनी आहे, जो जितके किलोमीटर पळन तितके पैसे ती संशोधनाले देणार — हा माह्या बाजूले उभा राहून कान देऊन ऐकून राह्यला होता. मी म्हणलं, तुमचे पाचच, तर म्हणे, हो हो, पाचच. मी मुद्दाम पाच लिहाले लावलं होतं फॉर्मवर, गुडघा दुखते त्याचा. याले वाटलं असन, जितकं जास्त पळलं तितकी ती पुढची गोळी लवकर निघन. येडा. तीस वर्षं या येड्यासंग काढले मी, अन् आणखी तीस काढाचे आहेत मले, समजलं का बाई? मले पायजेत.

तो पाहा. गेटातून आला. डावा पाय ओढून राह्यला, तोंड पाहा कसं लाल झालं. अन् मले पाहून हात हालवते! हासते वरून! अजून हासते!

नाई, तुम्ही नका येऊ. तुम्ही जा तिकडं, तुमचे मालक येतील आता, त्याइले पाहा. जा न जी. इतका वेळ सारं तुमच्यापुढं बोलली मी, पण हे नाई बोलणार — हे फक्त त्याच्यासंग. जा म्हणलं न!