पांढऱ्या कोटाखाली निळा कोट

...नाही, पण मला सांगा, खांद्यांत एवढा कापूस भरायचं कारण काय? देवाने प्रत्येकाला दोन-दोन खांदे दिलेत ना? पण आमच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद हो, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्या म्हणाल्या, "वहिनी, पगारवाढ मागायला जाताय, दळण आणायला नव्हे! माझा हा निळा कोट घाला. बाईचे खांदे दिसले पाहिजेत!" आता तुम्हाला सांगते, रक्त तपासायच्या लॅबमध्ये मी आठ वर्षं लोकांना सुया टोचतेय, त्यातली शेवटची चार वर्षं पगार जागचा हललेला नाही, आणि लेकीची कॉलेजची फी मात्र दरवर्षी उडी मारते! म्हणून देवापुढे हात जोडून चहातली साखर सोडली. म्हटलं, वाढ मिळेपर्यंत बिनसाखरेचा पिईन, पण या सोमवारी मागायचं म्हणजे मागायचं!

मग काय, घरात तालीमच सुरू! लेक मला आरशासमोर उभं करून म्हणते, "आई, 'जमलं तर बघा' म्हणायचं नाही. 'तुम्हाला त्रास नको' तर अजिबात नाही! आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं." मी? गप्प? हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "हे काही हिला जमायचं नाही." आणि वन्संचीच ती निळी चप्पल... म्हणजे बूट... म्हणजे ते जे काय टाचेचं असतं ते! जिन्यावरून टकटक उतरले तर खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून विचारलं, "कोण सुतार आलाय गं?" पण मी मान ताठ, केस चापून बसवलेले, निळा कोट कडक इस्त्रीचा. मागायचं म्हणजे मागायचं!

लॅबशी पोचले, आतल्या दाराला हात घातला... आणि थिजलेच! दारावर पाटी. "कोणीही, कितीही घाई असली तरी, पांढरा कोट घातल्याशिवाय आत येऊ नये. बटणं गळ्यापर्यंत लावावीत." अक्षर कोणाचं? माझं! सहा वर्षांपूर्वी मीच लिहून चिकटवलेली! आणि साहेबांची, म्हणजे आमच्या डॉक्टरांची खोली कुठे? त्या दाराच्या आत! रोज तोच कोट चढवून मी आत जाते हो, आणि तीन आठवडे चाललेल्या त्या तालमीत एकदासुद्धा आठवू नये? घरातल्या कोणाला नाही, मलासुद्धा नाही!

चढवला. निळ्यावर पांढरा. कापसाच्या खांद्यांवर तो बसतोय का? दोन्ही हात पंखांसारखे बाजूला! माझ्याबरोबर काम करणाऱ्या तिघी तोंडाला रुमाल लावून उभ्या. "ताई, आत जाताय की उडताय?" हसा म्हटलं, हसा! मागायचं म्हणजे मागायचं!

आत गेले. साहेब चष्म्यावरून बघतात... "ताई, थंडी वाजतेय का?"

म्हटलं, "नाही साहेब. पगार वाढवून हवाय." झालं! निघालं तोंडातून! मग थांबले नाही. म्हटलं, आठ वर्षांत एकाही पेशंटला दुसऱ्यांदा टोचावं लागलेलं नाही, रडणारी पोरंसुद्धा माझ्यापुढे हात धरतात, आणि पगार चार वर्षं तोच. आकडा सांगितला. आणि गप्प बसले.

साहेब म्हणाले, "बघू." मी गप्प. अहो, जीभ नुसती वळवळत होती! मग मनात म्हटलं, अकरा वेळा देवाचं नाव घ्यायचं, तोवर ओठ उघडायचे नाहीत. एक... दोन... साहेब पेन फिरवतायत. पाच... सहा... पंख्याकडे बघतायत. नऊ झाले आणि म्हणाले, "बरं, निम्मी वाढ देतो." आता नाम अर्धवट कसं सोडणार? माझे दोन राहिले होते ना! दहा... मी टक लावून त्यांच्याकडे. अकरा... "बरं बाई, सगळी देतो! अशा बघू नका!"

डोळ्यांत पाणीच आलं हो. फी निघाली! हात जोडले, वळले, तर मागून हाक.

"ताई, तुम्ही फार ठाम बोलता. एक काम करा, त्या बाहेरच्या तिघीही वाढ मागणार आहेत म्हणे. त्यांना समजावून सांगा, यंदा जमणार नाही. तुमचं ऐकतील."

घ्या! आता तुम्हीच सांगा, दाराबाहेर तिघी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या. त्यांतल्या एकीचा नवरा वर्षभर घरी बसलाय. त्यांना 'नाही' कसं म्हणू? त्यापेक्षा साहेबांना 'द्या' म्हणणं सोपं, ते आता येतं मला. काय करणार... उद्या परत आत!